सदूभाऊंची पांढरी आणि तांबडी

सदूभाऊ शेडग्यांनी आयुष्यात वाइनचा एकच घोट घेतला. दुकानात लागल्यावर पहिल्याच महिन्यात, "चव तरी कळू दे" म्हणून शेटनी दिला तो. तासाभरात अंगभर पित्त उठलं, डोळे सुजले, आणि पुढचे दोन दिवस ते तिकोणा पेठेला घरी अंगाला आमसुलाचं पाणी चोळून पडून होते. त्यानंतर वीसेक वर्षं त्यांनी लोणावळ्याच्या बाजारात वाइन विकली. खंडाळ्यापासून लोणावळ्यापर्यंतच्या बंगल्यांतली माणसं त्यांना विचारल्याशिवाय बाटली उचलत नसत.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षं मी त्याच दुकानात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचे दिवस. मी उर्शाचा, शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या भावकीतला पहिला बी.ए. पदवी हातात आली तेव्हा साहेबाच्या कचेरीत खुर्ची मिळेल असं वाटलं होतं. मिळाली ती दारूच्या दुकानातली. वडिलांना मी "विलायती मालाचं दुकान" एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. तिथं बिस्किटं, साबण आणि डब्यातलं लोणीही मिळायचं.

दुकानाचे मालक फरदूनशेट पारशी होते. त्यांच्या कपाटात फ्रान्सच्या वाइनवरचं एक जाडं इंग्रजी पुस्तक होतं. मी ते महिन्याभरात वाचून काढलं आणि आपल्याला यातलं कळतं असं समजू लागलो. एकदा सदूभाऊंना म्हणालो, "तांबडी वाइन थंड करून पिऊ नये असं पुस्तकात लिहिलंय. तुम्ही गिऱ्हाइकाला ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला कसं सांगता?"

"पुस्तकवाला ऱ्हातो कुटं?"

"इंग्लंडात."

"त्याच्या हितं वैशाखात पत्रे तापत्यात का?"

"नाही."

"मंग त्याला गोनपाट कशाला लागंल, बीए?"

ते मला नावानं हाक मारत नसत. बीए म्हणत. पहिल्या दिवशी मला तो मान वाटला. तो नेमका किती मान होता, हे कळायला पुढं बरेच दिवस लागले.

माणूस ठेंगणा, रंगानं काळा, डोक्याला मळकट मुंडासं. कानाला थोडं कमी ऐकू यायचं, पण नाक असं तिखट की कुणाच्या डब्यात कालची भाजी आहे हे डबा उघडायच्या आधी सांगत. अक्षरओळख बेताची. बाटलीवरची इंग्रजी चिठ्ठी त्यांना वाचता येत नसे. तिचा रंग आणि चित्र यांवरून ते माल ओळखत, आणि त्यात कधी चुकले नाहीत.

न पिणाऱ्या माणसाला वाइन कशी कळे? याला कारण मंगळवार. मंगळवारी दुकानाची बैलगाडी बंगल्यांवर नवा माल पोचवायची आणि रिकाम्या बाटल्या गोळा करून आणायची. त्या गाडीबरोबर सदूभाऊ स्वतः जात. दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसत. प्रत्येक बंगल्याच्या मागच्या दाराशी बसून ते बाटली उजेडाकडे तिरकी धरत, तळाशी किती उरलंय ते पाहत, उरलेलं हुंगत, आणि मग खानसाम्याला विचारत, "काल जेवायला काय व्हतं? किती मानसं व्हती?" परत आल्यावर गोदामात बाटल्या रांगेनं उभ्या करून ठेवत. कुठल्या बंगल्यात कुठली बाटली कशाबरोबर किती उरली, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे.

"कर्नलच्या बाई म्हनल्या, फस्क्लास माल," ते मला एकदा सांगत होते. "मी म्हनलं, बरं. पन ही बगा बाटली. निम्मी हाय."

"मग त्या खोटं बोलल्या?"

"खोटं कशाला बोलतील? पावन्यांनी आनून दिली आसंल. आवडली म्हनावंच लागतं."

अशा पाच-सहा वर्षांच्या उरल्यासुरल्यावरून ते एका निष्कर्षाला आले होते. तळेगावच्या पुढं, वराळ्याच्या अंगाला, नदीच्या उतारावर डिसूझासाहेबांची द्राक्षबाग होती आणि बागेतच त्यांचा वाइनचा लहानसा कारखाना. साहेब पुण्याच्या लष्करी कोठारातून निवृत्त झालेले. ते दोनच प्रकार करत, एक पांढरी आणि एक तांबडी. किंमत विलायतीच्या तिसरा हिस्सा. आणि त्या दोन्हींच्या बाटल्या बंगल्यांवरून कोरड्या ठणठणीत परत येत.

सदूभाऊ त्यांची शिफारस कशी करत ते इथं लिहून ठेवतो, कारण तितकी सरळ शिफारस मी पुढं कुणाच्या तोंडून ऐकली नाही. पांढरी फिकट, थोडी आंबटसर. ती ताजी घ्यायची, पुढच्या पावसाच्या आत संपवायची, साठवायची नाही. मासळी, कोंबडी, अंडी यांच्याबरोबर चालते. मटणापुढं ती पाणी वाटते. तांबडी पिकल्या करवंदाच्या रंगाची. पहिल्या वर्षी जीभ आवळते, म्हणून गेल्या सालची मागायची. ती मटणाला चांगली, पण मसाला फार तिखट असेल तर दोन्ही नकोत, सरळ बियर घ्या. दोन्हींना फार मोठं नाव नाही, पण बारा बाटल्या घेतल्या तर बाराही सारख्या निघतात. आणि शेवटी ते म्हणत, "पावन्याला दावायची आसंल तर इलायती घ्या. प्यायची आसंल तर ही घ्या."

फरदूनशेटना हे वाक्य अजिबात आवडत नसे, कारण विलायतीत नफा जास्त. पण सदूभाऊंच्या शब्दावर येणारी गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा येत, म्हणून ते गप्प बसत.

एकदा पुण्याचे एक वकील आले. उपरणं, पगडी, कपाळाला गंध. दुकानात कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "वैद्यांनी सांगितलंय. अशक्तपणावर. थोडीशी."

मला हसू आवरेना. सदूभाऊंच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "आवशद जेवनाच्या आदी घ्याचं सांगितलंय का नंतर?"

"आधी."

"घरात वास आलेला चालंल?"

वकील घुटमळले. "नको."

"मंग पांढरी न्या. आन नंतर बडीशेप नका खाऊ. बडीशेप खाल्ली की बायकांना लगीच संशय येतो. पेरू खावा."

ते वकील पुढं दर महिन्याला येत राहिले. अशक्तपणा काही गेला नाही.

असा हा माणूस. आता जे सांगायचं ते.

खंडाळ्याला पिरोजबाई नावाच्या एका वृद्ध पारशी बाईंचा बंगला होता. त्यांच्या नातवाची नवजोत ठरली. म्हणजे पारशांची मुंजच म्हणा. मुंबईहून ऐंशी पाहुणे येणार होते. बाई स्वतः दुकानात आल्या आणि त्यांनी शेटना नव्हे, सदूभाऊंना विचारलं. शेट मागून विलायती बाटल्या पुढं सरकवत होते. सदूभाऊ म्हणाले, "बाई, ऐंशी मानसांत पांगलं की नाव कोन वाचत न्हाई. डिसूझासायबाची गेल्या सालची तांबडी घ्या. माझा शबूद."

बाईंनी चार डझन सांगितल्या. समारंभ पुढच्या रविवारी होता. माल दुकानात येऊन पडलेला होता.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी तीन बंगल्यांवरून, त्यांतला एक इंजिनेरसाहेबांचा, तांबडीच्या निम्म्या भरलेल्या बाटल्या परत आल्या. सदूभाऊंनी त्या गोदामात माझ्यासमोर ठेवल्या.

"बीए, तुमी चव घ्या."

मी घेतली. आंबट लागली. पण मी पुस्तक वाचलेला माणूस. मी म्हणालो, "तरुण वाइन अशीच असते. काही झालेलं नाही."

"गेल्या सालची हाय ती. तरुन कशी?" त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "त्या इंजनेरसायबाच्या घरची बाटली चार वर्सांत कधी निम्मी आली न्हाई. कायतरी झालंय."

आम्ही शेटकडे गेलो. शेट म्हणाले, "सदू, पार्टीमधे चव कोण घेते? दोन ग्लास पोटात गेली का सगळी गोड लागते. पाठवून दे."

"पाठवा. पन मी दिली आसं म्हनू नगा."

"तू शब्द दिला ना बाईला?"

"म्हनूनच म्हनतो."

शेट हात झटकून म्हणाले, "जा, डिसूझाला विचार. बी.ए.ला घेऊन जा, नाहीतर तू काय ऐकशील आणि काय सांगशील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तळेगावला उतरलो. सदूभाऊंच्या हातात टोपली, टोपलीत पेंढ्यात उभ्या केलेल्या त्या तीन निम्म्या बाटल्या. तिथून टांग्यानं बाग गाठली. डिसूझासाहेब उंच, वाकलेले, पायात लष्करी बूट. सदूभाऊंनी काही प्रस्तावना न करता बाटल्या त्यांच्यापुढं ठेवल्या आणि तीन बंगल्यांची नावं सांगितली.

"तू पितोस?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग कुठल्या तोंडानं माझ्या वाइनला नावं ठेवतोस?"

सदूभाऊ बाटल्यांकडे पाहत उभे राहिले. साहेबांनी रागारागानं पिंपाची तोटी सोडली, एक पेला भरून मला दिला आणि दुसऱ्यातून स्वतः प्याले. पिंपातली तांबडी उत्तम होती, हे माझ्यासारख्यालाही कळलं. मग त्यांनी आमच्या बाटलीतला घोट घेतला आणि लगेच जमिनीवर थुंकला.

"सिरका," ते म्हणाले. "पिंपात काही नाही. जे झालंय ते बाटलीत झालंय."

नव्या बाटल्या महाग पडत. म्हणून आमच्या दुकानानं गोळा केलेल्या रिकाम्या बाटल्या डिसूझासाहेबांकडे परत जात. तिथं दोन बायका त्या धुऊन पुन्हा भरत. धुण्याच्या पडवीत आमच्याकडून नुकत्याच आलेल्या बाटल्यांची रास पडली होती. सदूभाऊ तिथं उकिडवे बसले आणि एकेक बाटली नाकाशी नेऊ लागले. विसाव्या-बाविसाव्या बाटलीशी थांबले. ती त्यांनी बाजूला ठेवली. मग आणखी एक. तासाभरात बाजूला अकरा बाटल्या जमल्या. सगळ्या कोरड्या. उजेडाकडे धरल्यावर तळाशी सायीसारखा पातळ पापुद्रा चिकटलेला दिसला.

बंगल्यांतले खानसामे अलीकडे वाइन संपली की त्या बाटलीत स्वयंपाकाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, भरून ठेवत. तो संपला की तीच बाटली सदूभाऊंच्या टोपलीत टाकून बाटलीमागचा पैसा घेत. थंड पाण्यानं ते किटण निघत नव्हतं, आणि वरून भरलेली चांगली वाइन महिन्याभरात आंबत होती.

आणि ज्यांच्या नाकातून हे सुटायला नको होतं, त्यांच्याच नाकातून सुटलं, कारण कोरडी बाटली ते हुंगतच नसत. तळाशी काही उरलं असेल तरच नाक लावायचं. कोरडी आली म्हणजे माल आवडला, काम झालं. इतक्या वर्षांत कोरडी बाटली त्यांनी खुशीनं टोपलीत टाकली होती.

ते उठले. गुडघे झटकले. "सायेब," ते म्हणाले, "मी तुमच्यावं आळ घ्याया आलतो. चूक माझी निगाली."

साहेबांचा राग ओसरला होता. "आम्ही गरम पाणी वापरत नाही, तीही चूक आहे."

"ती तुमची तुमी बगा."

बाईंच्या चार डझनांतल्या कुठल्या बाटल्या आंबलेल्या, हे बुचं काढल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि काढल्यावर त्या रविवारपर्यंत टिकणार नव्हत्या. शेवटी असं ठरलं की साहेबांनी एक लहान पिंप शुक्रवारच्या गाडीनं पाठवायचं आणि समारंभात वाइन पिंपातूनच द्यायची.

परतीच्या वाटेवर मी सदूभाऊंना म्हणालो, "बाईंना बाटल्यांचं कशाला सांगायचं? पिंपातून द्यायची ही नवी रीत आहे, असं मी इंग्रजीत छान पत्र लिहून देतो. मान राहील."

"कुनाचा?"

"तुमचा. दुकानाचा."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. वडगाव गेलं, कामशेत गेलं. मग म्हणाले, "बीए, तुमी लय शिकलाय."

मला राग आला. आता तो येत नाही.

स्टेशनवर उतरून ते दुकानाकडे न जाता थेट खंडाळ्याकडे चालू लागले. मीही गेलो. पिरोजबाई व्हरांड्यात विणकाम करत बसल्या होत्या. सदूभाऊ पायरीशी उभे राहिले. वर चढले नाहीत.

"बाई, मी सांगितलेली तांबडी आंबलीया. सायबाचा माल चांगला हाय. बाटल्या मी गोळा केलत्या. त्यात सिरक्याच्या व्हत्या. तुमच्या सैपाकघरातली आसंल, दुसऱ्याची आसंल. मी हुंगल्या न्हाईत."

बाईंनी सुया खाली ठेवल्या. "तू चाखून नाही पाहिली?"

"मी घेत न्हाई बाई. अंगावं उठतं."

"कधीच नाही?"

"एकदा घेतलती."

"मग इतकी वर्षं मला जे सांगितलंस, ते कशावरून?"

"तुमच्या रिकाम्या बाटल्यांवरून."

मला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. आपल्या मागच्या दाराशी बसून कोणी इतकी वर्षं आपलं उष्टं तपासत होतं, हे कळल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं तेच त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग त्या म्हणाल्या, "पिंप आण. पण विलायतीच्या दोन डझन पण पाठव."

सदूभाऊंनी मान हलवली आणि ते वळले. उतारावर त्यांचं पाऊल जड पडत होतं. विलायतीच्या त्या दोन डझनांचा अर्थ काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

रविवारी समारंभ नीट पार पडला. सदूभाऊ दुपारपासून पिंपाशी उभे राहून पेले भरून देत होते. पिंप रिकामं झालं. विलायतीच्या सात बाटल्या न फोडलेल्या परत आल्या. मी त्यांना हे मुद्दाम सांगायला गेलो, तर म्हणाले, "त्या मोजू नगा आता."

पण गोष्ट पसरायची ती पसरलीच. वाइन सांगणारा सदू स्वतः पाणी पितो, हे बाजारात चहाच्या दुकानापासून इंजिनच्या शेडपर्यंत सगळ्यांना कळलं. काही गिऱ्हाइकं बाटली नवी आहे का जुनी, असं विचारू लागली. इंजिनेरसाहेबांनी मात्र आधीसारखीच चिठ्ठी पाठवली, "सदू देईल ती". सदूभाऊंनी ती चिठ्ठी शेटकडे दिली. कोणी विचारलं तर म्हणत, "शेटला इचारा." शेटनी त्यांना काढलं नाही, एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. पण विचारणाऱ्याला उत्तर न देणारा सदूभाऊ दुकानाला काय कामाचा? दोनेक महिन्यांनी ते आपण होऊन गेले. डिसूझासाहेबांच्या पडवीत, बाटल्या धुण्याच्या कामावर. पगार निम्मा. त्यांच्या हाताखाली पाणी गरम होऊ लागलं आणि एकही बाटली न हुंगता भरली जात नव्हती. डिसूझासाहेबांची तांबडी मी दुकानात होतो तोवर पुन्हा आंबली नाही. ती मागणारे लोक हळूहळू परत आले. ती कुणामुळं टिकते, हे विचारायला कोणी आलं नाही.

मला पुढं तळेगावला शाळेत मास्तरकी मिळाली. लग्न झालं, मुलं झाली. सदूभाऊ आणि मी पाच मैलांवर राहत होतो, आणि मी त्यांना भेटायला गेलो नाही. सवड नव्हती असं म्हणता येईल. खरं कारण असं की आगगाडीतलं ते एक वाक्य मला बरीच वर्षं टोचत होतं.

युद्ध संपल्यावर दारूबंदीची भाषा सुरू झाली. डिसूझासाहेब वारले होते आणि त्यांचा मुलगा द्राक्षाचे वेल उपटून तिथं ऊस लावणार, असं कानावर आलं. एका रविवारी मी सायकलनं तिकडं गेलो.

अंगणात पिंपं आडवी पडली होती. पडवीत हजारभर बाटल्यांची रास, आणि त्या ठोक भावानं न्यायला आलेला तळेगावचा एक तेलाचा व्यापारी. सदूभाऊ पाटावर बसले होते. खूप म्हातारे दिसत होते. एकेक बाटली उचलत, हुंगत आणि तीन वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवत. "ह्यात खायाचं तेल भरा. ह्यात घासलेट. आन ह्या तिसऱ्या टोपलीतल्या नेऊच नगा."

व्यापारी कंटाळला होता. "आबा, मी सगळ्या एकाच भावानं घेतोय. मालकानं पैसे पण घेतले. कशाला वास घेत बसलाय? गाडी खोळंबलीय."

"खोळंबू द्या."

"अहो, कुणी इचारलंय का तुमाला?"

"न्हाई इचारलं," सदूभाऊ म्हणाले आणि त्यांनी पुढची बाटली उचलली.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी मला ओळखलं. शेजारचा रिकामा पाट पायानं माझ्याकडे सरकवला. मी बसलो. त्यांनी रास दोघांच्या मधे ओढली, एक कोरडी बाटली माझ्या हातात दिली. मी ती नाकाशी नेली. मला काहीच कळलं नाही, आणि मी तसं सांगितलं.

"मंग इकडं द्या," ते म्हणाले.